अडतीस मीटर

कुझेने लोखंडी दाराचं चाक घट्ट आवळलं, तेव्हा पलीकडून कुणीतरी दार बडवत होतं.

"दादा! मी हयामी! दार उघडा!"

हयामी म्हणजे कुझेच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पाणबुडीने बुडी मारताच इंजिनघरात समुद्र घुसला होता आणि तो तिथंच अडकला होता. कुझेने दाराला खांदा लावला. उघडायला नाही. पलीकडून कुणी चाक फिरवू नये म्हणून.

"दादा, अहो दादा!"

मग नुसते ठोके आले. मग तेही थांबले.

बोट शेपटीकडून खाली गेली आणि तळाच्या चिखलात धाडकन आदळली. माणसं एकमेकांवर फेकली गेली. एका खलाशाचं डोकं पाइपावर फुटलं. तो पुन्हा उठलाच नाही. दिवे गेले. कप्तान इनागाकींनी विजेरीचा झोत पाण्याची खोली दाखवणाऱ्या काट्यावर धरला. अडतीस मीटर.

"आहे नाही ती सगळी हवा सोडा," ते म्हणाले.

टाक्यांतलं पाणी बाहेर ढकलून बोट वर उचलायला तेवढाच उपाय होता. हवा सुसाटत गेली. बोट कण्हली, सरळ झाली, बराच वेळ हेलकावत राहिली आणि पुन्हा कुठंतरी खरडत टेकली. काटा अडतीसवरून हलला नाही. पेरिस्कोप वाकून अडकून बसला होता.

"तळावरूनच वाहत गेलो," कप्तान म्हणाले. "आता वाट बघायची. सोबतच्या जहाजाला तेलाचा तवंग दिसेल. पाणबुडे उतरतील."

अंधारात सगळ्यांचे चेहरे मिझोगुचीकडे वळले. गोदीतला हा इंजिनियर चाचणीसाठी बोटीवर आला होता. पहिलं महायुद्ध संपल्यापासून नौदलाने फ्रेंच, इटालियन, इंग्रज असे सगळ्यांचे नमुने उलगडून पाहिले होते. ही मध्यम आकाराची बोट मात्र आपल्याच लोकांनी कागदावर उतरवलेली, आणि त्यातल्या कितीतरी रेघा मिझोगुचीच्या हातच्या. गोऱ्यापान, मऊ गालांमुळे खलाशी त्याला पाठीमागे 'तोफू', म्हणजे सोयाबीनचं लिबलिबीत पनीर, म्हणत. आता कुझे तोंडावरच म्हणाला.

"काय तोफूसाहेब? झाली का मनासारखी चाचणी? माझ्या बहिणीला जाऊन सांगाल ना, किती छान झाली ते?"

मिझोगुची गुडघ्यावर बसून भिंतीच्या पत्र्याच्या एका सांध्यावर हात फिरवत होता.

समुद्राचं पाणी बॅटऱ्यांपर्यंत पोचलं आणि विषारी वायू सुटला. घशात सुऱ्या फिरल्यासारखं व्हायला लागलं. माणसं ओल्या फडक्यात तोंड खुपसून पडली. दोघांना रक्ताच्या उलट्या झाल्या.

"गळती थांबलीय," मिझोगुची एकदम म्हणाला. "कप्तान, मघाशी इथून पिचकारी उडत होती. आता थेंब नाही. बाहेरचा दाब गेला. आपण वर आलोय!"

"फटीत गाळ बसला असेल," कप्तान म्हणाले. "काटा बघा."

"काट्याला पाण्याचा दाब पोचवणाऱ्या नळीत चिखल भरलाय! काटा खोटं सांगतोय!"

"काटा खोटा, आणि तुम्ही खरे?" कुझे खोकत हसला. "तुमचं खरं आम्ही सकाळपासून बघतोय."

"श्श! ऐका." मिझोगुचीने मान वर केली. "पक्षी ओरडतायत. समुद्रपक्षी. ऐकू येत नाही तुम्हाला?"

कुणालाच ऐकू येत नव्हतं. डोक्यात वायू शिरला की माणूस असाच बरळतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक खलाशी रडायला लागला.

मिझोगुची उठला आणि शिडीकडे धावला. वरच्या झाकणाचं चाक त्याच्या हाती लागलं.

"अडवा त्याला!" कप्तान ओरडले. "सगळे बुडून मरू!"

कुझेने त्याचा पाय धरून ओढला. मिझोगुचीने दुसऱ्या पायाने त्याच्या तोंडावर लाथ घातली. कुझेचे दोन दात घशात गेले. त्याने पाय सोडला नाही. दोघंही खाली कोसळले. मिझोगुची नखांनी त्याचा चेहरा ओरबाडत होता, किंचाळत होता, "उघडा! मूर्खांनो, मराल! उघडा!"

कुझेच्या हाताला पाना लागला. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा कानशिलावर. तरी मिझोगुची शिडीकडे सरपटतच होता. मग कुझे त्याच्या पाठीवर बसला आणि दोन्ही हातांनी त्याचा गळा आवळला. ज्या पाण्याला अडवायला त्याने बहिणीचं कुंकू पुसलं होतं, ते पाणी हा तोफू वरून आत घेणार होता. मिझोगुचीच्या टाचा लोखंडावर आपटत राहिल्या, मग थांबल्या. तरी कुझेने हात सोडले नाहीत.

"पुरे," कप्तान म्हणाले. त्यांनी चाचपडत येऊन कुझेच्या खांद्यावर हात ठेवला. "सगळ्यांना वाचवलंस तू."

त्यानंतर माणसं एकेक करून गप्प झाली. कप्तान भिंतीला टेकून बसल्या बसल्या गेले. शेवटी खोकण्याचे आवाज कुझेला बोटांवर मोजता आले असते.

आणि मग डोक्यावर काहीतरी वाजलं. कुणीतरी झाकणाचं चाक बाहेरून फिरवत होतं.

पाणबुडे! पण एवढ्या खोलीवर झाकण उघडणारे कसले पाणबुडे हे? कुझेने शिडी धरून उठायचा प्रयत्न केला. पाय उचलेनात.

"नको!" तो घोगऱ्या आवाजात ओरडला. "उघडू नका! समुद्र आत येईल!"

झाकण उघडलं. कुझेने डोळे मिटून श्वास कोंडला.

अंगावर काहीच पडलं नाही. त्याने डोळे उघडले. वर लख्ख ऊन होतं, आणि त्या उन्हात एका म्हातारीचं डोकं आत डोकावत होतं. कपाळाला फडकं, हातात शिंपले उकरायचा पंजा.

"अगं बाई, आहे की आत कुणीतरी! कवाधरनं बोंबलतोय आम्ही, ओ तरी द्यायची," ती म्हणाली. "भरती होती तवाच तुमची बोट तरंगत आली न् हितं वाळूत रुतली. नौदलाची म्हणून आमचं बाप्ये जवळ येईनात. या वर, भिऊ नका. गुडघाभरसुदीक पाणी न्हाई हितं."