माइक राहिला घरी

टेकडीवर पोचल्यावर अच्युतरावांनी पिशवी तीनदा उपसली. रेडिओ होता, बॅटरी होती, अँटेनाही होती. माइक मात्र घरी राहिला होता.

दहा वाजता तिकडे मिरजेत त्यांचे हौशी रेडिओवरचे जुने मित्र इंगवले सेटपाशी बसणार होते. पक्षाघातानं त्यांची वाचा गेली होती. दर रविवारी अच्युतराव इथून बोलायचे आणि ते नुसतं ऐकायचे.

"आज वाट बघत बसतील बिचारे," अच्युतराव कपाळाला हात लावून म्हणाले.

"अहो, ती तारेची कट्ट-कडकट्ट भाषा येते ना तुम्हाला?" त्यांच्या पत्नी नलिनीताईंनी आपला इअरफोन पुढे केला. "याची वायर तोडा."

इअरफोनचा प्लग रेडिओत खोचून, वायरीची सोललेली टोकं एकमेकांना टेकवत अच्युतरावांनी मोर्समध्ये मित्राला हाक मारली.

बराच वेळ नुसती खरखर आली. मग अडखळत, एकेक अक्षर करत उत्तर आलं. सात महिन्यांत इंगवले पहिल्यांदाच बोलत होते.

"काय म्हणतात?"

अच्युतरावांनी डोळे पुसले. "म्हणतात, डाव्या हातानं वेळ लागतोय. जाऊ नकोस."