चुकल्या जागी

"दिसतंय का बाळ?" सोनोग्राफीच्या टेबलावर पोट धरून पडलेल्या बाईनं विचारलं. लग्नाच्या नवव्या वर्षी तिला दिवस गेले होते. डॉक्टरीणबाईंना मॉनिटरवर इवलंसं काळीज धडधडताना दिसत होतं, पण गर्भाशयात नाही, शेजारच्या नळीत. नळी फाटली होती, पोटात रक्त साचत होतं. "गर्भ नळीत अडकलाय, आत्ताच काढावा लागेल," त्या म्हणाल्या. "जिवंत आहे ना? मग काढायचं कसं? अहो, जागेवर सरकवा ना त्याला!" "तसं करता येत नाही, ताई. थांबलो तर तुम्हीही हाती लागणार नाही." ती घामानं निथळत होती, ओठ पांढरेफटक पडले होते. नवऱ्यानं तिच्यापुढे हात जोडले. "मला तू हवीस गं." तिनं डोळे मिटले. "एकदा दाखवा तरी. त्याला आईनं बघितलेलं असू दे." डॉक्टरीणबाईंनी मॉनिटर तिच्याकडे वळवला आणि स्ट्रेचर मागवलं.