ड्रोन वहिनीच उडवतील ना?

सारसोळ्याच्या विपुलने लग्नाच्या शूटिंगसाठी छोटा ड्रोन घेतला आणि हाताशी कुणी असावं म्हणून बायकोला, सोनललाही सोबत शिकायला लावलं. विपुलच्या हातात तो वाऱ्यावर हेलकावे खायचा, सोनलच्या हातात मात्र घारीसारखा स्थिर राहायचा. थोड्याच दिवसांत गिऱ्हाइकं फोनवर विचारू लागली, "ड्रोन वहिनीच उडवतील ना?" विपुल हसून हो म्हणायचा आणि आतल्या आत जळायचा.

उरणच्या एका हळदीत त्याने तिच्या हातातला रिमोट काढून घेतला. "आज मी उडवतो. तू नवरीचे फोटो काढ."

"वारा आहे, जरा सांभाळून," ती एवढंच म्हणाली.

तेवढ्यानेच त्याचं डोकं फिरलं. त्याने ड्रोन मांडवावरून मुद्दाम जोरात नेला, आणि तो माडावर आपटून थेट नवरीच्या काकांच्या पुढ्यात पडला.

"कुनी पाडला ह्यो? कोनाला लागला असता म्हंजे?" काका उसळले.

सोनलने विपुलच्या हातातला रिमोट हळूच आपल्याकडे घेतला आणि पुढे झाली. "माझ्या हातून पडला, काका. अजून शिकतेय मी."

काका निवळले. मागून कुणीतरी म्हणालं, "पोर मनानं साफ हाय."

घरी पोचेपर्यंत विपुल तिच्याशी एक शब्द बोलला नाही.



उडवण्यात ती सरस होतीच. आता मनानेही सरस निघाली, हे त्याला सहन होत नव्हतं.