बाबाईचं खत

आमच्या किरिबास बेटांवर माणूस घरची भांडणं चव्हाट्यावर मांडेल, पण खड्ड्यातल्या बाबाईच्या, म्हणजे आमच्या मोठ्या अळूच्या, कंदांना खत काय घालतो, ते सांगणार नाही. ते घराण्याचं गुपित. माझे आजोबा तेबाऊ तर पाल्याची टोपली झाकूनच खड्ड्यात उतरायचे. इंग्रज साहेबाने तंबाखू देऊन विचारलं, तर आजोबांनी तंबाखू ठेवून घेतली आणि थाप मारली. मग स्वातंत्र्य आलं. आपल्याच सरकारचा शेतकी अधिकारी वही घेऊन आला. त्यालाही तीच थाप. शेजारच्या बाकोआने चाळीस वर्षं माडाआडून पाळत ठेवली. तीन वर्षांपूर्वी त्याच्या स्वतःच्या खड्ड्यात समुद्र शिरला, सगळे कंद कुजले, तरी त्याची ती सवय काही सुटली नाही.

काल गावच्या सभेत आजोबा उठले आणि सगळ्यांसमोर सांगू लागले: कोणता पाला, किती दिवस सुकवायचा, चंद्र केवढा झाला की घालायचा.

मी त्यांचा हात ओढला. "आजोबा, भरसभेत काय हे!"

"गप बस गं. नीट सांगू दे मला."

मागून कोणीतरी ओरडलं, "बाकोआ, ऐक लेका, आज फुकट मिळतंय!"

सगळे हसले. बाकोआ तेवढा हसला नाही. तो उठून आजोबांच्या शेजारी येऊन बसला.

"तुझ्या खड्ड्यात कधी शिरला रे?"

"परवाच्या भरतीला," आजोबा म्हणाले.