नववा अर्ज

जागा एक होती आणि टेबलावर अर्ज नऊ होते. आठ अर्जांवर नर्सिंगचं शिक्षण जीएनएम, तीन वर्षं. नवव्यावर एएनएम, दोन वर्षं. तो पुसेगावच्या संगिताचा.

"काहून असं लिहिलं गं?" दवाखान्याचे मॅनेजर शिवशंकरराव वैतागले. "ह्या आठातल्या पाच तर तुझ्याच वर्गातल्या. मी काही विचारलं का त्यांना? खोड ते, अन् जीएनएम लिही."

"सर, माझं सर्टिफिकेट एएनएमचं हाय."

"सर्टिफिकेट कोण बघून राहिलं? का पुन्हा रिकाम्या हातानं घरी जायची हौस हाय?"

याआधी चार दवाखान्यांतून ती अशीच परत गेली होती. तिनं पेन उचललं नाही.

"बरं, बीपी तरी मोजता येतो का?" त्यांनी शर्टाची बाही वर सरकवली. संगितानं दंडाला पट्टा बांधला, स्टेथोस्कोप लावला, पारा सावकाश उतरू दिला. आकडा न सांगता तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"एवढा वेळ? त्या आठ जणींनी मिनटात सांगितलं, एकशे वीस-ऐंशी, एकदम बराबर साहेब! अन् तुमी एएनएमवाल्या..."

"सर, उठू नका. बसूनच राहा. मी डॉक्टरांना बोलावते."

डॉक्टरांनी स्वतः दोन्ही हातांवर मोजलं. उजव्या हातावर १९०/११८, डाव्या हातावर १८८/११६.