कोरा चेहरा

"टोचलं की रडेल, घट्ट धरा," सबनीस डॉक्टर म्हणाल्या.

श्रीरंगने नऊ महिन्यांच्या चार्वीला मांडीवर धरलं. सुई आत गेली. चार्वीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, पण चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांवर टॉर्च मारला, कानाजवळ चुटकी वाजवली. सगळं ठीक होतं.

"दिवसभर हिच्याजवळ कोण असतं?"

"मीच. बायको बँकेत जाते. माझे पोकरचे डाव संध्याकाळी सुरू होतात."

आता डॉक्टरांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. चेहऱ्यावरून हातातले पत्ते ताडणारे कॅमेरे पोकरच्या टेबलावर आल्यापासून खेळावर पोट भरणारे सगळेच चेहऱ्याच्या नसा बधिर करून घेत. श्रीरंगने चार वर्षांपूर्वी करून घेतल्या होत्या. "पत्त्यांवर संसार चालतो का?" असं विचारणारे सासरे आता त्याच्याच फ्लॅटमध्ये राहत होते, आणि नात किती गुणी, जरा म्हणून रडत नाही, असं शेजाऱ्यांना सांगत होते. श्रीरंगलाही तसंच वाटायचं.

"मुलं समोरचा चेहरा बघून शिकतात," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "नसा पुन्हा जाग्या करता येतात."

"मग मला खेळता येणार नाही."

"नाही."

श्रीरंगचे डोळे भरून आले. चार्वीने मान वर करून त्याच्या गालावरून ओघळणारं पाणी पाहिलं. मग ती त्याच्या ओठांकडे, कपाळाकडे बघत राहिली, नेहमीसारखी, लक्ष देऊन.