डोळे उघडा, आजी

मयूरीनं खाटेमागच्या भिंतीवर पांढरं कापड लावलं, लॅपटॉप स्टुलावर मांडला आणि बनुबाईंचा फोटो काढला. मग दोन्ही हातांची बोटं काचेवर टेकवून घेतली. बनुबाईंनी सगळं गुमान करू दिलं. त्यांचं लक्ष दारात उभ्या मुलाकडं, भाऊसोकडं होतं. त्याचं तोवर चारदा घड्याळ बघून झालं होतं.

मालक फौजेत होते. त्यांच्या माघारी बनुबाईंना पेन्शन यायची. त्यासाठी दर वर्षी आपण जिवंत आहोत हे मशीनला पटवावं लागायचं, आणि औंदा मशीन काही केल्या त्यांना ओळखेना. म्हणून आधारवर बोटं न् डोळे नव्यानं द्यायचे होते. कंबर मोडल्यापासून त्या खाटेवरच, म्हणून आष्ट्याच्या आधार केंद्रातून मयूरीबरोबर मशीनच मळ्यात आलं होतं. आणि भाऊसो पुण्याहून. काम झालं की तो निघणार होता.

दिवाळीनंतर हेच काम काढलं, तेव्हा रेंज नव्हती. मयूरी हात हलवत परत गेली आणि रेंजची वाट बघत भाऊसो दोन रात्री राहिला. आईशेजारी अंथरूण टाकून त्यानं लहानपणीच्या कुत्र्याच्या गोष्टी काढल्या, आमटी मिळमिळीत झाली म्हणून कुरकुर केली. बनुबाई ते दोन दिवस अजून पुरवून पुरवून वापरत होत्या.

आता राहिले फक्त डोळे. मयूरीनं दुर्बिणीसारखं यंत्र त्यांच्या तोंडापुढं धरलं.

"आजी, डोळे मोठे करा."

बनुबाईंनी ते गच्च मिटले.

"मिटू नका, उघडा."

"उघडंनात गं पोरी. पाणी येतंय."

"आये, उघड की जरा," भाऊसो म्हणाला. "मला लय लांब जायचंय."

मग तर त्यांनी आणखीच गच्च मिटले. दुसऱ्यांदा जमलं नाही. तिसऱ्यांदाही नाही. भाऊसोनं कपाळावर हात मारून घेतलेला त्यांना ऐकू आला. राहतोय आता, त्यांनी मनाशी म्हटलं. शेजारच्या विजयमालाला सांगून वांग्याचं कालवण करायचं. तिखट जाळ.

"मग आता कसं, ताई? उद्या परत यावं लागंल व्हय तुमाला?"

बनुबाईंनी मिटल्या डोळ्यांनीच कान दिला.

"छे हो," मयूरी म्हणाली. "म्हाताऱ्या माणसांचं होतं असं. चार वेळा नाही आलं की मशीन तसंच पुढं जातं. डोळ्यांवाचून अडत नाही."

तिनं चौथ्यांदा यंत्र धरलं, बाजूला केलं, कळ दाबली. पावती निघाली.

भाऊसोनं पावती खिशात घातली, आईच्या पायाला हात लावला. "येतो, आये. विजयमाला भाकरी आणंल. गोळ्या घे येळंवर." आणि गेला.

मयूरी कापडाची घडी घालत राहिली. उसातल्या वाटेनं गाडीचा आवाज लांब लांब गेला, सडकेला लागला आणि ऐकू येईनासा झाला. तिनं सहज वळून पाहिलं. बनुबाईंचे डोळे टक्क उघडे होते, दाराला लागलेले.

"आजी! आता कसे उघडले?"

"घे की आता," बनुबाई म्हणाल्या. "आता कशापायी मिटायचं?"